पॅचवरचे थांबामास्तर

जमिनीखाली तेल लागलं की त्या मुलखाला लोक काय काय म्हणतात. पुस्तकात ‘तेलक्षेत्र’ लिहितात. वाचलं की आपण हात जोडून दर्शनाला निघालोय असं वाटतं. कंपनीचे साहेब ‘फील्ड’ म्हणतात, आणि तेही मोजूनमापून: अमुक फील्ड इथं सुरू झालं, तिथं संपलं, नकाशा भिंतीवर टांगलाय, बघून घ्या. पण जी माणसं तिथं राबतात, ज्यांच्या कपड्यांचा वास कितीही धुतला तरी जात नाही, ती म्हणतात ‘पॅच’. पूर्ण नाव ऑइल पॅच, पण पूर्ण नावानं हाक मारायला वेळ कुणाला आहे? पॅच म्हणजे एक विहीर नव्हे की एक फील्डही नव्हे. सगळ्या विहिरी, टाक्या, पाइप, कच्चे रस्ते, पत्र्याच्या खोल्या, खानावळी आणि त्यांच्यावर पोट भरणारी सगळी माणसं मिळून पॅच. नवरा कुठाय विचारलं तर बायको एका शब्दात सांगते, “पॅचवर.” पुढे काही विचारायचं नसतं. तेलाचा भाव पडला की किराणावाला म्हणतो, “पॅच बसला.” भाव चढला की तोच म्हणतो, “पॅच उठला बरं का,” आणि दोन्ही वेळा साबण महागच विकतो. हा शब्द तोंडात रुळला की समजावं, माणूस आता बाहेरचा राहिला नाही.

ही गोष्ट अशाच एका पॅचच्या माणसाची आहे. त्याला तिकडे सगळे ‘थांबामास्तर’ म्हणतात. कामावर येणारी नवी माणसं आधी मास्तरांच्या शेडमध्ये येतात, मग विहिरीवर जातात. शेड म्हणजे वर पत्रा, खाली सिमेंट, बसायला बाकं आणि समोर खडी टाकलेलं मोकळं अंगण. अंगणात उंच काठीला एक लाल कापडी बाही बांधलेली. वारा कुठून येतोय ते तिच्यावरून कळतं. आणि खडीवर आडवा पडलेला एक कापडाचा, आत वाळू भरलेला, भल्या वजनाचा पुतळा. त्याला सगळे ‘जावई’ म्हणतात. दिवसभर नुसता लोळतो, हातपाय हलवत नाही, आणि त्याच्यासाठी बाकीच्यांनी धावपळ करायची. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणारा सासऱ्याच्या जातीचा असणार.

मास्तर नव्या लोकांना रांगेत उभं करतात आणि म्हणतात, “हा तुमच्याबरोबर कामाला होता. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत पडला. काय कराल?” एवढं म्हणायचा अवकाश, कुणीतरी धावतोच. आजवर धावला नाही असा गट आलेला नाही. तो जावयापाशी पोचतो, गुडघ्यावर बसतो, त्याला हलवायला लागतो, आणि मग मास्तर म्हणतात, “थांबा. तुम्ही मेलात.” लोक हसतात. मास्तर दुसऱ्याकडे बघतात. “आता दोघं पडलेत. तुम्ही काय कराल?” तेव्हा कुणी हसत नाही.

मग ते गॅसचं सांगतात. तेलाबरोबर कुठेकुठे एक गॅस वर येतो. भारी बेरकी. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, नाकाला रुमाल लावावा लागतो. पण जास्त झाला की आधी नाकच मारून टाकतो. वास यायचा बंद होतो, आणि माणसाला वाटतं, चला, गेला गॅस. गॅस गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. पुढचा श्वास घेतला की माणूस खाली. त्याच्या मदतीला जो धावेल तोही खाली. म्हणून पॅचवरचा पहिला नियम असा: पडलेल्याकडे धावायचं नाही. आधी बाही बघायची. वारा येतो त्या बाजूला पळायचं. हवेची टाकी पाठीवर घ्यायची, मास्क तोंडाला लावायचा, आणि मगच परत यायचं. मास्तर हे सगळं एका सुरात सांगतात, जणू रेल्वेचं वेळापत्रक वाचतायत. शेवटी म्हणतात, “एक कामगार होता. त्याने हा नियम पाळला. म्हणून एकच गेला, दोन नाही.” तो कामगार कोण, हे ते कधी सांगत नाहीत.

तो कामगार म्हणजे ते स्वतः. आणि गेला तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

शेडमध्ये ते मास्तर असतील, घरी मात्र तो थोरला. आपणही आता त्याला थोरलाच म्हणू. घरात तीन माणसं: थोरला, त्याची बायको आणि आई. आई शिवणकाम करते. दाराजवळच्या खिडकीखाली तिचं मशीन आहे, आणि तिची बसायची जागा अशी की दाराकडे पाठ. पोरं लहान होती तेव्हापासून एक ठरलेलं होतं. दार वाजलं की ती मागे वळून न बघता, पाय तसाच चालू ठेवून म्हणायची, “आलास का?” कोण आलंय ते तिला चपलांच्या आवाजावरून कळायचं. ‘हो’ म्हणायचं, हात धुवायचे आणि जेवायला बसायचं. बाप लवकर गेला होता, त्यामुळे घरी येणं म्हणजे काय, तर आईचं ते ‘आलास का’. त्याच्यात विशेष काय आहे असं कुणालाही वाटेल. थोरल्यालाही वाटायचं. ते बंद झालं तेव्हा कळलं.

भाऊ गेल्यापासून आईने त्याला ‘आलास का’ म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही. बोलते, पण सुनेमार्फत. जेवायला तिघं एकत्र बसतात. आई म्हणते, “त्याला सांग, मीठ सरकव.” थोरला मीठ सरकवतो. सून तोंड उघडायच्या आत काम झालेलं असतं. थोरला म्हणतो, “तिला विचार, गुडघा कसा आहे.” आई सुनेला म्हणते, “सांग, होता तसाच आहे.” मग सून एखाद्या दिवशी वैतागते. “मी काय टपालपेटी आहे का? एकाने टाकायचं, दुसऱ्याने काढायचं.” तेवढ्यापुरती आई हसतेसुद्धा. पण हसू सुनेच्या वाट्याला जातं, पोराच्या नाही. संध्याकाळी थोरला दार वाजवतो, चपला काढतो, उगाच थोडा वेळ उंबऱ्याशी उभा राहतो. मशीन चालू असतं. आईचा पाय थांबत नाही. हात धुवायला तो आत जातो.

बायको त्याला म्हणायची, “एकदा सोक्षमोक्ष लावा की. भांडा, रडा, काय ते करा.” तो म्हणायचा, “ती म्हणते त्यात खोटं काय आहे?”

तर झालं होतं असं. थोरला आधी पॅचवर गेला. तिथली कमाई बघून धाकट्यालाही जायचं होतं. आई तयार नव्हती. आता गंमत अशी की पॅच म्हणजे काय हे तिला धड कुणी सांगितलंच नव्हतं. शिवणकाम करणारी बाई. पॅच म्हणजे तिच्या लेखी गुडघ्याला, कोपराला लावायचा तो. तिने आपला तळहात पुढे केला आणि विचारलं, “पॅच म्हणजे एवढासाच ना रे तुकडा?” दोघं पोटभर हसले. धाकटा म्हणाला, “हो आई, एवढासाच. हा इथं, मी इथं.” त्याने तिच्या तळहातावर दोन बोटं टेकवून दाखवली. थोरल्याने हसत हसत वर शिक्का मारला, “मी आहे ना.” तिला जसं हवं होतं तसं तिने धरलं: जागा एवढीशी, दोघं एकमेकांच्या नजरेसमोर, आणि थोरला आहे. तिने हो म्हटलं. तेव्हा तिला कुणी बसवून नीट सांगितलं असतं, की अगं, एका टोकाहून सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या टोकाला दुपारी पोचते, तर कदाचित तिने पाठवलंही नसतं. पण चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? पोरं हसली, ती हसली, विषय संपला.

त्या दिवशी दोघं एका जुन्या टाकीवर कामाला होते. थोरला गाडीतून पाइप उतरवत होता. धाकटा टाकीकडे निघाला होता. छातीवर अडकवायचं एक छोटं यंत्र असतं, गॅस आला की ते बोंबलतं. धाकट्याने ते काढून गाडीत सीटवर टाकलं होतं. “सारखं किरकिरतं,” तो म्हणाला. “नाक आहे की मला.” थोरला ओरडला, “लाव ते आधी.” “लावतो रे. तू काय आईसारखा मागे लागतोस,” असं म्हणून तो तसाच पुढे गेला. सगळ्या पॅचवर ही खोड होती. नवा माणूस यंत्राला भितो, आणि जरा जुना झाला की नाकावर विसंबतो. सकाळपासून वास येत होता. मग यायचा थांबला. धाकट्याने मागे वळून हातानेच खूण केली: आता ठीक आहे, वास नाही.

आणि तो गुडघ्यावर बसला. बूट बांधायला बसावं तसा. मग कुशीवर पडला.

थोरला दोन पावलं त्याच्याकडे धावला. त्या दोन पावलांबद्दलही त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मग त्याची नजर टाकीजवळच्या बाहीवर गेली. वारा गाडीच्या मागून टाकीकडे वाहत होता. तो थांबला, त्याने पाठ फिरवली आणि गाडीला वळसा घालून वारा येत होता त्या बाजूला पळाला. गाडीतली हवेची टाकी पाठीवर घेतली, पट्टे आवळले, मास्क लावला, मास्क घट्ट बसलाय की नाही ते हाताने दाबून बघितलं. शिकवल्याप्रमाणे. मग परत आला आणि भावाला ओढत बाहेर काढलं. तोवर काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सरळ गेला असतात तर मी आज दोघांना तपासलं असतं. साहेबांनी पाठ थोपटली. सगळे म्हणाले, बरोबर केलंस.

थोरला घरी आला, दारात उभा राहिला आणि आईला सांगितलं. दुसरा असता तर त्याने मधलं थोडं गाळलं असतं. नुसतं ‘मी बाहेर काढलं त्याला’ म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पण एवढं तरी याला गाळता आलं नाही. तो म्हणाला, “मी आधी गाडीकडे पळालो.”

आई म्हणाली, “म्हणजे तू त्याला तिथं टाकून पळालास.”

“आई, नियम आहे तसा.”

“चुलीत घाल तुझा नियम. एवढ्याशा जागेत दोघं होतात. ‘मी आहे ना’ म्हणाला होतास.”

थेट त्याच्याशी बोललेलं ते तिचं शेवटचं वाक्य. वर्षं गेली. थोरल्याला त्यानंतर टाकीवर चढवेना. शिडीला हात लावला की बोटं आखडायची. साहेब चांगला होता, त्याने त्याला शेडमध्ये टाकलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. पण इथं ज्याला शहाणपण आलं त्यालाच रोज उठून नव्या माणसांना तो दगड दाखवत बसावं लागलं. आणखी एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. ती त्याच्या छातीत रुतून बसली होती, आणि शेडमध्ये कुणी जावयाला उताणं टाकलं की तो जाऊन त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायचा. लोकांना वाटायचं, मास्तरांची सवय.

कंपनी वर्षातून एकदा घरच्या माणसांना गाडीत घालून पॅच दाखवून आणते. मुलांना खाऊ, बायकांना चहा, सगळ्यांना एकेक टोपी. शेवटचा थांबा मास्तरांची शेड. आई कधी गेली नाही. सून दरवर्षी विचारायची, आई दरवर्षी मान हलवायची. यंदा जेवताना सून सहज बोलून गेली, “त्या जुन्या टाकीपाशी होती ती विहीर बंद केली म्हणे. टाक्याही काढून नेल्या. आता जागा सपाट करतायत.” आई नंतर मशीनवर जाऊन बसली, पण मशीन सुरू झालं नाही. बऱ्याच वेळाने तिथूनच तिचा आवाज आला.

“त्याला विचार, त्या गाडीत जागा आहे का.”

गाडीत आई खिडकीशी बसली, शेजारी सून, आणि थोरला पुढच्या सीटवर. शहर मागे पडलं. घरं संपली. मग पंप दिसायला लागले, रांगेनं उभे, मान खाली घालतायत, वर करतायत, सगळ्या गोष्टीला हो म्हणतायत. दूर कुठे उंच नळीच्या टोकाला ज्योत जळत होती. बराच वेळ गेल्यावर आई सुनेला म्हणाली, “त्याला विचार, पॅच कधी येतो.”

“अहो, आई विचारतायत, पॅच कधी येतो.”

“सांग तिला,” थोरला मागे न वळता म्हणाला, “आपण मघापासून पॅचमध्येच आहोत.”

सुनेने निरोप दिला, म्हणजे द्यायची गरज नव्हती. आईने बाहेर बघितलं. डोळा पोचेल तिथवर तेच: पंप, खडीचे रस्ते, टाक्या, पुन्हा पंप. तिने मांडीवरचा हात उघडला, तळव्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला.

थोरल्याने ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. एका वळणावर त्याने गाडी थांबवली. बाकीची मंडळी आतच बसली. हे तिघं उतरले. तिथं काहीच नव्हतं. सपाट खडी, तिच्यावर रोलरच्या खुणा, आणि विहीर बुजवली तिथं एक लोखंडी खांब. आईने चारी बाजूंना पाहिलं. सुनेला म्हणाली, “इथं?” सुनेने थोरल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

“त्याला विचार, टाकी कुठं होती.”

थोरल्याने बोट दाखवलं.

“आणि गाडी?”

थोरला चालत गेला. चालत राहिला. लांब जाऊन उभा राहिला तेव्हा मधे एवढी खडी होती की हाक मारली असती तरी शब्द कळला नसता. आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग टाकीच्या जागेकडे बघितलं. रडायलासुद्धा काहीतरी लागतं, निदान एखादी भिंत, एखादा दरवाजा. इथं तेही शिल्लक ठेवलं नव्हतं. “चल,” ती सुनेला म्हणाली. “लोक खोळंबलेत.” गाडीत चढताना तिचा गुडघा अडखळला. थोरल्याने हात पुढे केला. तिने दांडा धरला आणि चढली.

शेडमध्ये सगळे बाकांवर बसले. त्या दिवशी एक नवा गटही होता, तो सकाळीच हा धडा घेऊन आता मागे भिंतीला टेकून उभा. घरच्या माणसांसाठी मास्तर जरा हलकं करून सांगतात. दरवर्षी कुणाचा तरी मेहुणा उत्साहाने उठून धावतो, मरतो, टाळ्या मिळवतो आणि टोपी घेऊन जागेवर बसतो. थोरल्यात आज जीव नव्हता. पण काम ते काम. त्याने जावयाला खडीवर आडवं केलं, तोंड भिंतीकडे फिरवलं, हात झटकले.

“हा तुमच्याबरोबर कामाला होता. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत पडला. कोण पुढे येतंय?”

आई उठली.

सुनेने तिचा हात धरला, तो तिने सोडवला. बाकाला धरून ती बाहेर आली आणि अंगणात उतरली. दुखऱ्या गुडघ्यामुळे तिला धावता येत नव्हतं, पण ती चालली ती सरळ पुतळ्याकडे चालली. थोरल्याला ‘थांबा’ म्हणायचं होतं. दिवसातून कितीदा तरी म्हणतो तो शब्द आज त्याने म्हटला नाही. शेवटी मागच्या गटातला कुणीतरी हळूच म्हणाला, “थांबा.” ती थांबली नाही. पुतळ्यापाशी पोचली, आधी एक हात टेकला, मग दुसरा, आणि खडीवर बसली. वाळूचं ते जड डोकं तिने दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर घेतलं.

कुणी हसलं नाही. कंपनीचा एक माणूस पुढे यायला निघाला, सुनेने त्याला हाताने मागे केलं.

“असाच पडला होता?” आईने विचारलं.

थोरल्याने सवयीने बायकोकडे पाहिलं. ती रुमालात तोंड लपवून बसली होती. ती कसला निरोप सांगणार.

“तुला विचारतेय,” आई म्हणाली.

तो अंगणाच्या कडेला उभा होता. “कुशीवर पडला होता.”

तिने पुतळा कुशीवर वळवला. जड होता, दोनदा ओढावा लागला. “तोंड कुणीकडे होतं?”

एवढी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते हेच होतं.

“सांग की. तोंड कुणीकडे होतं त्याचं?”

“माझ्याकडे.”

आईने पुतळ्याचं तोंड भिंतीकडून फिरवलं आणि थोरल्याकडे केलं. कापडाचं तोंड ते, ना डोळे ना नाक. थोरल्याला तिकडे बघवेना. बघितल्याशिवायही राहवेना.

“शुद्धीत होता?”

“क्षणभर होता. माझ्याकडे बघत होता. मी वळलो तेव्हा.”

“म्हणजे तू गेलास ते त्याने पाहिलं.”

“हो.”

वरची बाही फडफडली आणि थोडी सैलावली. आई पुतळ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती, पोराला ताप असला की फिरवावा तसा.

“त्याला ठाऊक होता का हा नियम?”

“मीच शिकवला होता. पहिल्याच दिवशी.”

“मग तू कुठे चाललास ते त्याला कळलं असेल,” ती म्हणाली. तिने पुतळ्याचं डोकं मांडीवर नीट घेतलं. “इथं येऊन बसले म्हणजे मी मेले ना आता?”

“हो, आई.”

“बरोबर आहे. मी मेलेच असते. मला कुणी शंभर नियम सांगितले असते तरी मी आलेच असते.” तिने वर पाहिलं. “तुझ्यावर राग होता म्हणून बोलत नव्हते असं वाटतं ना तुला? राग होता. पण तो केव्हाच विरला. त्या दिवशी तू दारात उभा राहिलास, आणि तू काही सांगायच्या आधी लोकांनी येऊन सांगितलंच होतं की दोघांतला एक गेला. कोणता ते त्यांना ठाऊक नव्हतं. चपला वाजल्या, त्या तुझ्या होत्या. आणि मला आधी बरं वाटलं रे. तू आलास म्हणून बरं वाटलं. एक पोर तिकडे मरून पडलंय आणि मला बरं वाटलं. त्याची अशी लाज वाटली की तुझ्याकडे बघवेना. मग बोलायचं राहिलं ते राहिलंच. नंतर सुरुवात कुठून करायची तेच कळेना.”

थोरल्याच्या डोक्यातली बाही, वारा, टाकी, मास्क, सगळं गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवलं तो सगळ्या गटादेखत, घरच्या माणसांदेखत, उघड्या तोंडाने आईकडे धावत सुटला.

आईने हात वर केला.

“थांब,” ती म्हणाली. “आधी ते तोंडाला लाव. मग ये.”

तो जागच्या जागी थांबला. आई हात खाली घेईना. त्याने बाही बघितली, पाठ फिरवली आणि शेडमागे, वारा येत होता त्या बाजूला गेला. तिथं खुंटीला टाकी आणि मास्क टांगलेले असतात. नव्या लोकांना तो नेहमी सांगायचा की पट्टे डोळे मिटूनही आवळता आले पाहिजेत. आज त्याच्या हातांना ते सापडेनात. टाकी पाठीवर गेली. मास्क लावला, कडेने हात दाबून बघितला. आतल्या बाजूने काच धूसर झाली होती, कारण तो रडत होता, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत. तेवढ्या वेळात अंगणात कुणी हललं नाही. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, तो येतो आणि जातो, येतो आणि जातो, आणि त्याला वाटत होतं की फार वेळ लागतोय, मागच्या वेळीही एवढाच लागला होता.

तो परत आला तेव्हा ती तशीच बसली होती. तिचं तोंड त्याच्याकडे, आणि मांडीवरचं तेही त्याच्याकडे. खडीवर त्याचे बूट वाजले. तिने हात पुढे केला.

“आलास का?” ती म्हणाली.

मास्कमधून नीट बोलता येत नाही. त्याने नुसती मान हलवली आणि तिला उठवायला खाली वाकला.